बॉयलरची बातमी

पुण्यात मी रशियन शिकले त्याचं कारण घरात कोणालाही सांगता आलं नसतं, मलाही नाही. मैत्रिणी जर्मनला गेल्या म्हणून मीही जर्मनला गेले, तिथल्या जागा भरल्या होत्या आणि शेजारच्या खिडकीत रशियनचे अर्ज मिळत होते. "आता काय मॉस्कोत जाऊन बटाटेवडे विकणार का?" असं मामानं विचारलं होतं. पुढे तो देश होता तसा राहिला नाही, भाषा मात्र माझ्याकडे राहिली. ती घेऊन मी लग्न करून इलिनॉयमधल्या नेपरव्हिलला आले. नवरा सॉफ्टवेअरमध्ये. त्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोला नोकरी करायची परवानगी नसते, त्यामुळे काही वर्षं मी घर लख्ख ठेवलं आणि जो समोर येईल त्याच्यावर चिडत राहिले.

परवानगी हातात पडली तेव्हा शिकागोतल्या एका छोट्या संस्थेला रशियन दुभाषी हवी होती. रशियातल्या जिल्ह्याजिल्ह्यांतल्या वर्तमानपत्रांना स्वतःच्या पायांवर उभं करायचं, हे त्या संस्थेचं काम. ही पत्रं बहुतेक नगरपालिकेच्या नाहीतर प्रांताच्या अनुदानावर चालायची आणि साहजिकच देणाऱ्याची मिंधी असायची. संस्थेचं म्हणणं सरळ होतं. पत्रानं जाहिराती आणि वर्गणी यांवर आपला खर्च भागवला की ते कोणाचं मिंधं राहणार नाही, आणि मग त्याला जे छापावंसं वाटेल ते छापता येईल. मला हे इतकं पटलं की मुलाखतीत मी नुसती मान डोलवत बसले. आजही मला ते चुकीचं वाटत नाही, हीच तर पंचाईत आहे.

कामाला लागताना मला तीन गोष्टी बजावून सांगितल्या गेल्या. बोलणारा "मी" म्हणाला की दुभाष्यानंही "मी" म्हणायचं. खोलीत जे बोललं जाईल ते सगळं दुसऱ्या बाजूला पोचवायचं, काही गाळायचं नाही. आणि आपल्या पदरचं काही घालायचं नाही. नवरा म्हणाला, "पहिल्या दोन गोष्टी तुला जमतील. थर्डवाली डिफिकल्ट आहे." मी त्याच्याशी दिवसभर बोलले नाही, पण तो खरं तेच बोलला होता.

दोन हजार चारच्या हिवाळ्यात रशियातल्या संपादकांचा एक गट प्रशिक्षणाला आला. हॉटेलचा खर्च वाचावा म्हणून संस्था पाहुण्यांना कर्मचाऱ्यांच्या आणि ओळखीपाळखीच्या लोकांच्या घरी उतरवायची. आमच्या वाट्याला आल्या एक संपादकबाई. पन्नाशीच्या, ठेंगण्या, केस आखूड कापलेले, आवाज असा की दुसऱ्या खोलीत दार लावून बसलं तरी ऐकू यावा. उरल पर्वताच्या बाजूला, एका जुन्या कारखान्याभोवती वाढलेल्या गावातून त्या आल्या होत्या. गावचं साप्ताहिक त्या चालवत होत्या.

मुलाला मी सांगितलं की यांना मावशी म्हणायचं. तो तेव्हा सहा वर्षांचा. "इज शी युअर सिस्टर?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, नाही, पण मावशीच म्हणायचं. त्या शब्दाचा अर्थ मी बाईंना सांगितला तेव्हा त्या खूश झाल्या आणि त्यांनी लगेच त्याला दटावायला सुरुवात केली. पायात मोजे का नाहीत, डोकं ओलं ठेवून खिडकीशी का बसतोस, वगैरे. माझ्या सासूबाईंची आणि त्यांची गाठ पडली असती तर दोघींचं छान जमलं असतं. दुसऱ्या दिवशी मी थालीपीठ लावलं. घरात लोणी नव्हतं. बाईंनी फ्रिज उघडून आंबट मलईचा डबा काढला, थालीपिठावर भरपूर थापली आणि न बोलता तीन खाल्ली. आमच्या घरात अजूनही थालीपीठ असंच खातात.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी खाली आले तर बाई हॉलमधल्या थर्मोस्टॅटसमोर उभ्या होत्या. ही डबी घरातली उष्णता ठरवते, तळघरात भट्टी आहे, ती गॅसवर चालते, असं मी सांगितलं. त्यांना तळघरात जाऊन ती पाहायची होती. पाहून झाल्यावर त्यांनी विचारलं, "म्हणजे प्रत्येक घराची वेगळी?"

"हो."

"मग थंडी वाजली तर तुम्ही भांडता कुणाशी?"

मी म्हटलं, नवऱ्याशी. त्या हसल्या, आणि मग तिथेच पायरीवर बसून त्यांनी मला त्यांच्या बॉयलरची गोष्ट सांगितली. त्यांच्या गावात घरोघरी भट्टी नसते. गावाच्या टोकाला एक मोठं बॉयलरघर असतं, तिथून जाड नळांतून गरम पाणी सगळ्या इमारतींत खेळवलं जातं. ते बंद पडलं की अर्धं गाव गारठतं. आदल्या हिवाळ्यात ते कारखान्यापलीकडच्या वस्तीत बंद पडलं होतं. लोक ओव्हरकोट घालून झोपत होते. बॉयलरच्या दुरुस्तीचे पैसे नगरपालिकेनं त्याआधीच्या उन्हाळ्यात दिले होते, दुरुस्ती मात्र झालीच नव्हती. बाईंनी ते छापलं. मग शहरप्रमुखांनी साप्ताहिकाचं अनुदान थांबवलं.

"मी इथे कॉम्प्युटर शिकायला आलेले नाही," त्या म्हणाल्या. "बॉयलर पुन्हा बंद पडणार आहे. तेव्हा मला ते पुन्हा छापता आलं पाहिजे. एवढ्यासाठी मी आले."

त्या गटातल्या बाकीच्यांना काय हवं होतं ते मला आठवत नाही. ह्यांना काय हवं होतं ते मला पक्कं कळलं होतं, आणि ते त्यांना मिळावं असं मला फार वाटलं. दुभाष्याला असं वाटून घ्यायची मुभा आहे की नाही हे कोणी सांगितलं नव्हतं.

प्रशिक्षण देणारे गृहस्थ सत्तरीचे होते. इलिनॉयमधल्याच एका लहान गावच्या पेपरात त्यांनी जन्मभर जाहिराती विकल्या होत्या आणि निवृत्त झाल्यावर ते संस्थेला फुकट वेळ देत. आमच्या घरात त्यांचं नाव जाहिरातकाका पडलं होतं. माणूस अगदी भला. त्यांची एकच मोठी शिकवण होती. दुकानदाराकडे रिकाम्या हातानं जाऊन "जाहिरात द्या हो" म्हणायचं नाही. आधी त्याचं दुकान नीट पाहायचं, त्याच्यासाठी एक नमुना जाहिरात करायची, छान छापून घ्यायची आणि ती त्याच्यासमोर ठेवायची. आपलं नाव असं सुंदर छापलेलं पाहिलं की माणूस विरघळतो. "आपण मागायला गेलेलो नसतो," ते सांगायचे, "आपण त्याला काहीतरी द्यायला गेलेलो असतो."

बाईंना ते भलतंच आवडलं. काका त्यांना सरावासाठी आपल्या जुन्या गावी घेऊन गेले, मी दोघांच्या मध्ये. एका टायरच्या दुकानात बाईंनी स्वतः केलेला नमुना काउंटरवर ठेवला. दुकानदारानं तो उचलून लांब धरून पाहिला आणि आत हाक मारून बायकोला बोलावलं. बाईंनी माझ्या दंडाला असा चिमटा काढला की त्याचा डाग पडला. परत येताना गाडीत त्या सारख्या बोलत होत्या, कुठलं दुकान, कुठला केशकर्तनालयवाला, लग्नाचे कपडे भाड्यानं देणारी कोण, आणि मी घसा कोरडा पडेपर्यंत ते सगळं काकांना सांगत होते. तो दिवस मला त्या सगळ्या वर्षांतला सर्वांत चांगला वाटतो.

त्या परत गेल्या आणि त्यांनी खरंच करून दाखवलं. दर पंधरा दिवसांनी मंगळवारी सकाळी आमचा फोन असायचा. शिकागोत आम्ही कॉफी घेऊन बसायचो तेव्हा तिकडे काळोख पडलेला असे. स्पीकर टेबलाच्या मध्ये, एका बाजूला काका, एका बाजूला मी. बाई सांगायच्या, आज बेकरीवाला आला, आज दातांचा डॉक्टर आला. अंक टपालानं यायचे. पहिल्या वर्षी आठच पानं होती आणि शाई हाताला लागायची. दुसऱ्या वर्षी पानं वाढली, रंग आला. पालिकेच्या इमारतीतली जागा सोडून त्या भाड्याच्या जागेत गेल्या. अनुदान परत सुरू करू का, अशी पालिकेकडून आडून विचारणा झाली तेव्हा त्यांनी नको म्हणून कळवलं. ते ऐकून काकांनी टेबलावर मूठ आपटली आणि माझी कॉफी सांडली.

रंग आला तो मुख्यतः एका माणसामुळे. गावात फर्निचर आणि बांधकामाच्या सामानाचा एक मोठा बाजार उभा राहिला होता. सोफे, फरशा, नळ, दारं, सगळं एका छपराखाली. मालक दर आठवड्याला मागचं पूर्ण पान घ्यायचा, आणि त्या छपराखाली ज्यांचे गाळे होते तेही त्याच्या मागोमाग छोट्या चौकटी घ्यायचे. बाईंनी एकदा फोनवर सहज सांगितलं की हा मालक म्हणजे शहरप्रमुखांचा सख्खा मेव्हणा.

मी ते भाषांतर केलं. काकांनी कागदावर काहीतरी टिपलं आणि पुढचा प्रश्न विचारला. मी वाट पाहत राहिले की कोणीतरी यावर थांबेल. कोणीच थांबलं नाही. फोन ठेवल्यावर मी नियम गुंडाळून ठेवला आणि काकांना म्हटलं, "अहो, हा मेव्हणा म्हणजे पालिकाच आहे. फक्त खिसा बदलला."

ते चिडले नाहीत. त्यांना हे सुचलं नव्हतं असंही नाही. ते म्हणाले, आमच्या गावातही मोटारींच्या एका विक्रेत्यानं रागावून जाहिराती बंद केल्या होत्या. पेपरनं त्याच्या भावाच्या अपघाताची बातमी छापली होती. चार महिने तो अडून बसला, मग आला परत, कारण त्याला गिऱ्हाईक हवं होतं आणि पेपर हवा होता. "धीर धरायचा असतो," ते म्हणाले. "आणि दुसरे जाहिरातदार शोधायचे."

मी म्हटलं, तुमच्या गावात मोटारी विकणारे आणखी होते. यांच्या गावात बाजार एकच आहे.

"तेही होतील," काका म्हणाले. त्यांनी ते मनापासून म्हटलं होतं. त्यांच्या आयुष्यात तसं झालं होतं आणि त्यांच्या आयुष्याबाहेरचं काही दाखवायला माझ्याकडे नव्हतं.

घरी येऊन मी हे नवऱ्यासमोर ओकले. तो लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाला, "अगं, पण तू डिसिजन मेकर आहेस का? तू इंटरप्रिटर आहेस. टेन्शन कशाला घेतेस?" मग माझा चेहरा पाहून त्यानं लॅपटॉप मिटला आणि चहा टाकला. दोघांनी मिळून खूप विचार केला. एका गावात दुसरा बाजार कसा उभा करावा, हे एका इंजिनियरला आणि एका दुभाषीला सुचण्यासारखं नव्हतं.

दोन हजार सातच्या हिवाळ्यात बॉयलर बंद पडलं. वस्ती तीच. बाईंनी ते मंगळवारी फोनवर सांगितलं, आणि त्यांचा आवाज इतका शांत होता की मला काका स्पीकरचा आवाज वाढवताना दिसले. बातमी तयार होती. त्यांनी स्वतः वस्तीत जाऊन लिहिली होती. एका बालवाडीत मुलांना गाद्यांवर गाद्या घालून एकत्र झोपवत होते. दुरुस्तीच्या कामाचे पैसे पुन्हा दिले गेले होते आणि नळांवर फक्त रंग दिला गेला होता. छायाचित्रंही होती. अंक शुक्रवारी निघायचा होता.

"मग?" काकांनी विचारलं, मी विचारलं.

मग काल फर्निचरच्या बाजारातून मुलगी आली, त्या म्हणाल्या. नम्र मुलगी. म्हणाली, या आठवड्यात आम्ही पान घेणार नाही, नवीन माल उशिरा येतोय. तिच्यामागोमाग गाळेवाल्यांचे फोन आले. कोणाचा माल उशिरा, कोणाचा हिशेबनीस आजारी. बेकरीवाला तर बाजारातला नव्हताच, तोही म्हणाला, पुढच्या महिन्यात बघू. बातमी लिहिली आहे हे त्यांच्या कचेरीबाहेर कोणाला ठाऊक नव्हतं, निदान त्यांना तसं वाटत होतं. धमकी कोणीच दिली नाही. बॉयलर हा शब्दसुद्धा कोणी उच्चारला नाही.

काकांनी कागद पुढे ओढला. मग त्यांनी नेहमीच्या पद्धतीनं सुरुवात केली. खर्च कुठे कमी करता येईल, पानं किती कमी करता येतील, वर्गणीदारांना आवाहन करता येईल का. बाईंनी प्रत्येकाचं उत्तर दिलं. त्यांनी हे सगळं आधीच मांडून पाहिलं होतं. छापलं तर दोनतीन अंक निघतील. त्यानंतर कचेरीतल्या लोकांना घरी पाठवायचं. मग बॉयलर तिसऱ्यांदा बंद पडेल तेव्हा छापायला पत्रच नसेल. नाही छापलं तर पत्र राहील.

संस्थेकडे अशा वेळेसाठी काही मदत आहे का, त्यांनी विचारलं. काकांनी खरं ते सांगितलं. अशी मदत आम्ही देत नाही. आम्ही दिली तर तुम्ही आमचे मिंधे व्हाल, आणि तिकडे परदेशी पैशांवर चालणारं पत्र म्हणून तुम्हाला एका दिवसात बंद करतील. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. दोन्ही मी प्रथमपुरुषात सांगितल्या. "मी तुम्हाला पैसे देऊ शकत नाही," असं मी त्या बाईंना म्हटलं, ज्यांनी माझ्या मुलाला मोजे घालायला लावले होते.

"मग मी छापू की नको?" बाईंनी विचारलं. "तुम्ही मला एवढंच सांगा."

काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते म्हणाले, "हा तुमचा निर्णय आहे. पत्र तुमचं आहे. स्वतंत्र असणं म्हणजे हेच, की हे तुम्हाला दुसरं कोणी सांगू शकत नाही." ते टाळत नव्हते. त्यांचा त्यावर विश्वास होता आणि ते बोलताना त्यांना त्रास होत होता. मी ते जसंच्या तसं रशियनमध्ये सांगितलं.

तारेतला आवाज ऐकू येत होता. मग बाई म्हणाल्या, "मी त्यांना नाही विचारत. मी तुला विचारतेय."

तोपर्यंत कधी त्या मला फोनवर 'तू' म्हणाल्या नव्हत्या. काकांनी माझ्याकडे पाहिलं. खोलीत बोललेलं सगळं सांगायचं असतं. मी इंग्रजीत म्हटलं, "त्या म्हणतात, त्या तुम्हाला विचारत नाहीयेत. मला विचारतायत."

"मग तू उत्तर दे," काका म्हणाले. आणि त्यांनी खुर्ची थोडी मागे घेतली, जणू मला जागा करून देत होते.

तीन वर्षं मी त्या टेबलाशी चडफडत बसले होते. मला बोलायला मिळालं असतं तर मी काय काय सांगितलं असतं, हे मी नेपरव्हिलहून येताना आगगाडीत मनातल्या मनात बोलायची, कधी ओठही हलायचे, शेजारचा माणूस पेपरच्या आड जायचा. आता मला बोलायला मिळालं होतं. मी तोंड उघडलं. छापा म्हणावं, तर घरी बसणारी माणसं माझी नव्हती, गाव माझं नव्हतं, संध्याकाळी मी माझ्या उबदार घरी जाणार होते. नका छापू म्हणावं, तर मग आम्ही त्यांना इथे बोलावून तीन वर्षं केलं काय? डोळ्यांसमोर सारखी त्या गाद्यांवरची मुलं येत होती.

"मला माहीत नाही," मी रशियनमध्ये म्हटलं. आणि सवयीनं तेच वाक्य मी काकांना इंग्रजीत सांगितलं.

बाई म्हणाल्या, "बरं." मग म्हणाल्या, "मुलगा कसा आहे?" मी म्हटलं, बरा आहे. फोन संपला.

तो अंक टपालानं आला तेव्हा शिकागोत बर्फ वितळायला लागला होता. बॉयलरची बातमी त्यात नव्हती. मागच्या पानावर सोफा होता, पूर्ण पान, लाल. गाळेवाल्यांच्या चौकटी होत्या. बेकरीवालाही होता. पत्र देखणं निघालं होतं. मी ते दोनदा चाळलं आणि घडी घालून काकांच्या टेबलावर ठेवलं.

काकांना रशियन वाचता येत नसे, म्हणून ते अंक मोजपट्टीनं वाचायचे. जाहिराती किती लांबीच्या, किती पानं, मागच्यापेक्षा किती जास्त. त्या दिवशी ते पट्टी घेऊन माझ्याकडे आले. चेहरा जरा उजळला होता, त्या फोननंतर पहिल्यांदाच. "छोट्या जाहिराती बघ," ते म्हणाले. "दुपटीहून वर गेल्यात. लोक स्वतः येऊन पैसे भरून छापतायत. पत्र जिवंत असल्याची याहून चांगली खूण नसते. काय विकतायत एवढं?"

मी पान उघडलं. छोट्या जाहिरातींकडे मी कधी बघतच नसे.

काहीच विकत नव्हते. मी उभ्याउभ्या त्यांना वाचून दाखवायला लागले. कारखान्यापलीकडच्या वस्तीतलं कुटुंब, दोन मुलं, मार्चपर्यंत गावात उबदार खोली हवी. दोन खोल्यांचं घर बदलून देणे आहे, त्याहून लहान चालेल, नळ गरम असावेत. विजेची शेगडी हवी, जुनी चालेल. बालवाडीसाठी गाद्या हव्यात. एक खोली हवी, माणसं दोन म्हातारी, एक अंथरुणाला खिळलेलं, स्वयंपाकघरात झोपायची तयारी आहे. शेगडी हवी. शेगडी हवी. उबदार खोली हवी, कुठल्याही मजल्यावर. सगळ्यांचे पत्ते एकाच वस्तीतले होते. संपूर्ण पान होतं, आणि त्यात बॉयलर हा शब्द कुठेही नव्हता.

"पैसे भरून?" काकांनी विचारलं.

"हो. खाली दर छापलाय."

ते पट्टी हातात धरून उभे राहिले. मग त्यांनी कोट घातला आणि जरा बाहेर जाऊन येतो म्हणाले. त्या दिवशी ते परत आले नाहीत. मी बाथरूममध्ये जाऊन रडले, आणि रडताना मला स्वतःचाच राग आला, कारण ऑफिसच्या बाथरूममध्येसुद्धा रेडिएटर तापलेला होता.

दुपारी संस्थेचे संचालक आले. आकडा त्यांच्यापर्यंत पोचला होता. ते म्हणाले, संपादकबाईंना अभिनंदनाचं पत्र जाऊ दे. मी त्यांना सांगितलं की या जाहिराती नाहीत, ही गारठलेली माणसं आहेत. एकेक ओळ वाचून दाखवली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे पत्र लोकांच्या उपयोगी पडतंय. हे तर आणखीच चांगलं." शेगडी हवी असलेल्या माणसाला कदाचित खरंच शेगडी मिळाली असेल.

त्यांनी मजकूर सांगितला, मी तो रशियनमध्ये केला. छोट्या जाहिरातींत झालेली वाढ पाहून मला अतिशय आनंद झाला आहे. तुमचं पत्र आता खऱ्या अर्थानं स्वतःच्या पायांवर उभं आहे. मनःपूर्वक अभिनंदन. खाली सही त्यांची होती, पण ती भाषा, ती शब्दांची निवड माझी आहे हे बाईंना पहिल्या ओळीत कळलं असणार.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. नेहमी त्या लांबलचक लिहीत, हवामान, मांजर, मुलाची चौकशी. या वेळी दोनच वाक्यं होती.

"धन्यवाद. या आठवड्यात आणखी आल्या आहेत."